वरून सपाट दिसणारी शेते

'असे झाले असते तर' हा खेळ आपल्याला फार आवडतो. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झाले असते, या एका प्रश्नावर डॉ. जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा लिहिली. आम्हां गोवेकरांचा या खेळातला ठरलेला डाव म्हणजे १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. तो उलटा लागला असता तर... हा विषय एखाद्या बारशाच्या पंगतीत निघाला की सोलकढी येऊन गेली तरी संपत नाही. हल्लीच्या मुलांचा डाव मात्र दुसऱ्या महायुद्धाचा असतो. जर्मनांनी अमुक केले असते तर, तमुक विमान सहा महिने आधी तयार झाले असते तर! ही मुले प्रत्यक्षात कधीच न बनलेल्या विमानांची चित्रे काढतात, त्यांच्या पंखांची लांबी ठरवतात, वजन ठरवतात आणि त्यांना कल्पनेतल्या मोहिमांवर पाठवून देतात.

माझी भाची गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकते. तिच्या तुकडीतल्या एका मुलाने असेच एक यंत्र रचले आहे. अवजड मालवाहू ग्लायडर. इंजिन नाही, आवाज नाही, पोटात दोन रणगाडे आणि शंभर सैनिक. रात्री अलगद शत्रूच्या पाठीमागे उतरायचे आणि युद्धाचा निकाल फिरवून टाकायचा. भाचीने त्या चित्राचा फोटो मला पाठवला. चित्र सुरेख होते. फक्त एक गोष्ट त्यात नव्हती. ते ग्लायडर जिथे उतरणार ती जमीन.

गेल्या वर्षी डिसेंबरात भाचीला भेटायला गेलो तेव्हा तिच्याबरोबर बालाघाट जिल्ह्यातल्या किरनापूरला जाणे झाले. तिथली धानाची शेते पाहिली आणि हे चित्र पुन्हा आठवले. त्या शेतांबद्दल लिहायचे आहे. पण त्याआधी ग्लायडर ही काय चीज आहे आणि आपल्या एका मराठी माणसाचा तिच्याशी काय संबंध आहे, ते सांगितले पाहिजे.

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचे विमान. त्याला दोराने दुसऱ्या विमानाच्या मागे बांधतात, वर नेतात आणि दोर सोडला की ते घरंगळत घरंगळत खाली येते. घरंगळत म्हणायचे कारण असे की ते खरोखरच उतारावरून येत असते; फक्त उतार हवेचा असतो. एक मीटर खाली येताना ते दहा-पंधरा मीटर पुढे जाते. खेळाची ग्लायडरे तर याच्या कितीतरी पट जातात आणि गरम हवेच्या झोताबरोबर घारीसारखी वरही चढतात. युद्धातल्या ग्लायडरांना ती चैन नसे. पोटात माणसे, जीपगाड्या, दारूगोळा कोंबलेला. दोर सुटला की काही मिनिटांत जमीन. पहिला प्रयत्न फसला म्हणून पुन्हा एक फेरी मारून येऊ, असे म्हणायची सोय नाही. जे काही करायचे ते एकदाच.

या कल्पनेचा उगम मोठा मजेशीर आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला लढाऊ विमाने ठेवायला बंदी घातली. मग तिथली पोरे डोंगरावर जाऊन ग्लायडर उडवू लागली. त्याला बंदी नव्हती. त्या छंदातून एक अख्खी पिढी हवेची भाषा शिकली आणि १० मे १९४० रोजी त्या शिक्षणाचे फळ बेल्जियमने भोगले. एबेन-एमाएल नावाचा अभेद्य समजला जाणारा किल्ला होता. त्याच्या छतावरच पहाटे जर्मन ग्लायडर उतरले. ऐंशीच्या आत-बाहेर माणसे होती. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

त्यानंतर सगळ्यांनाच ग्लायडर हवे झाले. जर्मनांनी तर १९४१ मध्ये 'गिगांट' म्हणजे राक्षस या नावाचे ग्लायडर उडवले. पंखांची लांबी ५५ मीटर, वीस टनांवर माल नेण्याची ताकद. भाचीच्या मित्राला वाटते की आपण काहीतरी अचाट रचले. पण वास्तव त्याच्या आधीच तिथे जाऊन आले होते. त्या राक्षसाला ओढायला एक विमान पुरेना, म्हणून तीन तीन विमाने एकत्र जुंपून पाहिली. त्यात भयंकर अपघात झाले. शेवटी कंटाळून त्याच ग्लायडरला सहा इंजिने बसवली, म्हणजे त्याचे साधे विमानच करून टाकले. इंग्रजांनी 'हॅमिलकार' केले, त्यातून हलका रणगाडा जायचा. त्यांच्या 'होर्सा' ग्लायडरचे भाग लाकडी सामान बनवणाऱ्या कारखान्यांत तयार झाले. अमेरिकेने 'वाको' नावाचे ग्लायडर तेरा हजारांवर बनवले. त्यांचे भाग पियानो बनवणाऱ्या स्टाइनवे कंपनीनेही केले. शवपेट्या बनवणाऱ्या एका कारखान्यानेही केले, आणि त्या कारखान्यातल्या एका सदोष भागामुळे १ ऑगस्ट १९४३ रोजी सेंट लुईस शहरात प्रात्यक्षिकाच्या वेळी ग्लायडरचा पंख निखळून त्या शहराच्या महापौरासह आतले सगळे मेले. ही गोष्ट एखाद्या कथालेखकाने रचली असती तर आपण त्याला अतिशयोक्तीबद्दल बोल लावला असता.

आता आपल्याकडे या.

गोव्याहून आंबोली घाट चढून आजऱ्यावरून पुढे गेले की गडहिंग्लज लागते. त्या तालुक्यातल्या हासूरचंपू या गावी १९०८ साली विष्णू माधव घाटगे यांचा जन्म झाला. मुंबई विद्यापीठात शिकून हा तरुण जर्मनीतल्या ग्योटिंगेनला गेला आणि लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्याने डॉक्टरेट मिळवली. प्रांटल हे नाव ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पंखावरून हवा वाहताना पंखाला अगदी चिकटून असलेला पातळ थर कसा वागतो, हे या माणसाने १९०४ साली उलगडून दाखवले. विमान का उडते आणि का पडते, या दोन्ही प्रश्नांची किल्ली त्या थरात आहे. कोल्हापूरच्या मातीतला मुलगा थेट त्या झऱ्यावर जाऊन पाणी पिऊन आला.

१९४० च्या डिसेंबरात वालचंद हिराचंद या मूळच्या सोलापूरच्या उद्योगपतीने म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. घाटगे तिथे गेले. कंपनीपुढे काम होते ते बाहेरून आलेल्या आराखड्यांची विमाने जुळवण्याचे. पण १९४१ मध्ये घाटग्यांनी तिथे स्वतःच्या आराखड्याचे एक यंत्र तयार केले. 'जी-१'. दहा आसनांचे, सैनिक वाहून नेणारे ग्लायडर! भारतीय माणसाने भारतात आखलेले हे पहिले विमान मानले जाते. आपल्या देशाच्या विमानबांधणीची सुरुवात बिनइंजिनाच्या यंत्राने झाली, हे किती जणांना माहीत असेल?

पुढे काय झाले? काही नाही. जी-१ चे कारखान्यातून शेकड्याने उत्पादन झाले नाही. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन हवाई दलाकडे दुरुस्तीसाठी सोपवला गेला. ब्रह्मदेशावर आणि चीनकडे जाणारी विमाने तिथे दुरुस्त होऊ लागली. नवे काही रचायला तिथे जागा उरली नाही. घाटगे बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत नव्याने सुरू झालेल्या विमानविद्या विभागात शिकवायला गेले.

इथे आपला आवडता खेळ सुरू करता येतो. कल्पना करा की इंग्रज सरकारने जी-१ ला हिरवा कंदील दाखवला असता. बंगळूरहून पाचशे ग्लायडर बाहेर पडली असती. १९४४ च्या मार्चमध्ये ब्रह्मदेशात जी मोठी ग्लायडर मोहीम झाली तिच्यात अमेरिकन वाकोऐवजी मराठी माणसाने आखलेले यंत्र असते. छाती फुगते की नाही? माझीही फुगली होती. मग त्या मोहिमेची हकीकत नीट वाचली.

ती हकीकत अशी. मेजर जनरल ऑर्ड विंगेट नावाचा एक विक्षिप्त इंग्रज अधिकारी होता. त्याच्या 'चिंडिट' सैन्याने सागर, झाशी, ग्वाल्हेरच्या बाजूच्या जंगलांत सराव केला. जपान्यांच्या पाठीमागे, ब्रह्मदेशाच्या पोटात सैन्य उतरवायचे, असा त्याचा बेत. ते उतरवायला अमेरिकेने एक खास हवाई तुकडी दिली. तिने ललितपूर, ग्वाल्हेर भागात तयारी केली. फेब्रुवारी १९४४ मधल्या एका सरावात ग्लायडर पडून चार इंग्रज आणि तीन अमेरिकन मेले. त्यानंतर मेलेल्यांच्या इंग्रज तुकडीने अमेरिकनांना निरोप पाठवला की तुमच्या पोरांबरोबर आम्ही कुठेही, केव्हाही यायला तयार आहोत. ज्यांची माणसे गेली त्यांनीच हे म्हणावे, याला काय म्हणायचे ते तुम्हीच ठरवा.

५ मार्च १९४४ ची संध्याकाळ. आसामातल्या सिलचरजवळचे लालाघाट. दोन मोकळ्या जागा ठरल्या होत्या, एकीचे नाव 'ब्रॉडवे', दुसरीचे 'पिकॅडिली'. उड्डाणाला जेमतेम अर्धा तास उरला असताना एक ताजा फोटो आला. पिकॅडिलीवर सगळीकडे लाकडाचे ओंडके आडवे पडलेले! शत्रूला बेत कळला काय? प्रत्यक्षात ते लाकूडतोड्यांनी वाळत टाकलेले ओंडके होते. पण त्या क्षणी कोणाला काय ठाऊक! शेवटी सगळी ग्लायडर एकट्या ब्रॉडवेकडे वळवायचे ठरले. त्या जागेच्या फोटोत काही दिसत नव्हते. गवताचे छान सपाट मैदान.

एकेका डकोटा विमानामागे दोन दोन ग्लायडर बांधली होती. ओझे इतके की कित्येकांचे दोर वाटेतच तुटले. काही नागा टेकड्यांच्या आसपास पडली, काही थेट जपान्यांच्या मुलखात. साठाहून अधिक निघाली, त्यांतली निम्म्याच्या आसपासच ब्रॉडवेला पोचली. आणि तिथे त्या सपाट मैदानाने आपले खरे रूप दाखवले. पूर्वी कधीतरी हत्तींनी सागाचे ओंडके ओढून नेले होते. त्यांचे खोल चर जमिनीत तसेच राहिले होते आणि वर उंच गवत वाढले होते. आकाशातून घेतलेल्या फोटोत फक्त गवत दिसले. अंधारात उतरलेल्या ग्लायडरांची चाके त्या चरांत अडकून मोडली. मोडलेली ग्लायडर बाजूला काढायला वेळ नाही, कारण मागची थांबू शकत नाहीत. ती येऊन त्यांच्यावरच आदळली. एका ग्लायडरचे पंख दोन झाडांत अडकून तुटले, आतला बुलडोझर पुढे सुटला, त्याच्या धक्क्याने ग्लायडरचे नाक वर उचलले गेले आणि त्या नाकात बसलेले दोघे वैमानिक वाचले. सगळे इतके नशीबवान नव्हते. त्या एका रात्रीत ब्रॉडवेवर तीसच्या आसपास माणसे मेली.

त्या रात्री ग्लायडर चालवणाऱ्यांत जॅकी कूगनही होता. चॅप्लिनच्या 'द किड' मधला तो लहान पोरगा! आपल्या कित्येकांनी त्याला रडताना पाहिले आहे. तो मोठा होऊन ब्रह्मदेशच्या जंगलात अंधारात उतरला असेल, हे मनात तरी येते का? आणखी एक गंमत. कामगिरी फसली तर 'सोया लिंक' आणि साधली तर 'पोर्क सॉसेज' असे सांकेतिक शब्द ठरले होते. युद्धातल्या शिध्यात सोयाबीनचे सॉसेज मिळायचे, ते सैनिकांच्या अगदी घशाखाली उतरत नसे. आमच्याकडे चोरिसाच्या दुकानासमोर सोया चंक्स ठेवले तर जो अर्थ निघेल तोच. पहाटे आधी 'सोया लिंक' आले. लालाघाटला सगळ्यांचे चेहरे पडले. मग काही तासांनी 'पोर्क सॉसेज' आले. वाचलेल्या लोकांनी ग्लायडरमधून आलेली यंत्रे वापरून दिवसभरात चर बुजवले, धावपट्टी केली आणि त्याच रात्री डकोटा विमाने उतरू लागली. आठवड्याभरात सुमारे ९,००० माणसे आणि १,३०० च्या वर खेचरे-घोडी आत पोचली. विंगेट स्वतः २४ मार्चला मणिपूरच्या डोंगरात विमान कोसळून मेला.

आता सांगा, वाकोऐवजी घाटग्यांचे जी-१ त्या रात्री तिथे असते तर काय बदलले असते? तेराऐवजी दहा माणसे बसली असती, एवढेच. चर तेच राहिले असते. गवत तेवढेच उंच असते. आणि मेलेल्यांच्या यादीत आपली, ओळखीच्या आडनावांची पोरे असती. माझी फुगलेली छाती तिथेच खाली आली.

यानंतर इंग्रजांनी १९४४ च्या अखेरीस आणि १९४५ च्या सुरुवातीला भारतात सहा ग्लायडर स्क्वाड्रन उभी केली. त्यांतली काही आपल्या मध्य भारतात, बिलासपूरजवळच्या करगी रोडलाही होती. सराव झाला, तयारी झाली. पण वापरायची वेळ येण्याआधीच ऑगस्टमध्ये युद्ध संपले. स्क्वाड्रन मोडली. त्या पोरांच्या आयांना किती बरे वाटले असेल!

हे सगळे डोक्यात घेऊन मी बिरसीला पोचलो होतो. बिरसीची धावपट्टीही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनीच बांधलेली. तिच्यावरून आता आपली मुले शिकतात. तिथे डायमंड या ऑस्ट्रियन कंपनीची छोटी विमाने दिसतात, आणि ही कंपनी १९८१ मध्ये सुरू झाली तीही इंजिन लावलेली ग्लायडर बनवत. म्हणूनच त्या विमानांचे पंख असे लांब आणि सडपातळ आहेत. हे मला भाचीने सांगितले. दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. मी म्हटले, नागझिऱ्याला जाऊ, वाघ बघू. ती म्हणाली, "मामा, मला किरनापूरला जायचंय. तिथली शेतं बघायचीत."

"शेतं? तू रोज बघतेस ना?"

"वरून बघते. खालून बघायचीत."

कारण असे. शिकाऊ वैमानिकाला पुन्हा पुन्हा एक धडा गिरवायला लावतात. आता तुझे इंजिन बंद पडले, सांग कुठे उतरशील? इंजिन बंद पडलेले कुठलेही विमान ग्लायडरच होते. हजार मीटर उंचीवर असाल तर साधारण आठ-नऊ किलोमीटरच्या आत कुठेतरी जागा शोधायची. म्हणून उडताना नजर कायम खाली लागते: हे शेत बरे, तो रस्ता नको, तिथे विजेच्या तारा. बिरसीहून उत्तरेला बाघ नदी ओलांडली की मध्य प्रदेश, बालाघाट जिल्हा, किरनापूर तहसील. नदीकडे सपाट धानशेती आणि पलीकडे लांजीच्या बाजूला जंगल आणि डोंगर. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेले एक प्रशिक्षण विमान याच किरनापूर-लांजी भागातल्या डोंगराळ जंगलात कोसळले. शिकवणारा वैमानिक आणि शिकणारी मुलगी, दोघेही गेले. भाचीने प्रवेश घेतला तो त्यानंतर. माझ्या बहिणीने तेव्हा चार दिवस अन्न गोड मानले नव्हते. मला बिरसीला पाठवले तेही तिनेच, 'जरा बघून ये रे' म्हणून.

किरनापूर हे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वाढलेले साधे गाव आहे. पाट्या हिंदीत, पण कानावर पडते ती पोवारी, आणि आपण मराठी बोललो की समोरचा सहज मराठीत येतो. हा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. राज्ये पुन्हा आखली गेली तेव्हा नागपूर तिकडे गेले आणि बालाघाट इकडे राहिले. म्हणजे 'असे झाले असते तर' हा खेळ इथल्या लोकांनाही खेळता येईल. पण तिथे कोणी खेळताना दिसले नाही. धानाची झोडपणी चालू होती.

गावाबाहेर एका शेतात उतरलो. धान कापून झालेले, नुसती धसकटे. कडेला पेंढ्यांचे रचलेले पुंजणे, आपल्याकडच्या उडवीसारखे. इथे धानाच्या एका वाफ्याला बांधी म्हणतात आणि दोन बांध्यांमधल्या मेरेला धुरा. वरून हे सगळे एकच लांबलचक पिवळे मैदान दिसते, असे भाची म्हणाली. खाली उभे राहिल्यावर गुडघ्याएवढे धुरे, एकामागून एक. मी पावले मोजली. एक बांधी पस्तीस-चाळीस पावलांची. भाचीने मनातल्या मनात हिशेब केला. विमान टेकताना ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वेग असतो, म्हणजे सेकंदाला पस्तीस मीटर. जवळजवळ दर सेकंदाला एक धुरा. ती काही बोलली नाही. मला ब्रॉडवेचे चर आठवले. मीही काही बोललो नाही.

शेताचे मालक, सत्तरीचे गृहस्थ, पुंजण्याआडून आले. "कोण गावचे जी तुम्ही?"

"गोव्याचे."

"एवढ्या दुरून धानाच्या बांध्या पाहाले आले?"

भाचीने सगळे समजावून सांगितले. म्हाताऱ्याने ऐकून घेतले. त्यांनी हाताने दूरच्या डोंगरांकडे दाखवून, विमान पडले होते ते तिकडे, एवढेच सांगितले. मग म्हणाले, "वरून तं सपाटच दिसते, बेटा. नांगर धरला का मंग समजते." आणि आम्हांला जमीन दाखवायला निघाले. कुठल्या बांध्या मोठ्या, कुठे धुरे काढून दोन भावांनी शेत एक केले आहे, पावसानंतर कुठली जमीन महिनाभर ओली राहते, उन्हाळी धान कोण लावतो. भाची वहीत लिहून घेत होती. तासभर हा वर्ग चालला. निघताना ते म्हणाले, "उन्हाळी धान उभं असलं तं माह्या शेतात नको उतरू बरं." भाची हसली, मीही हसलो. ती म्हणाली, "काका, तेव्हा शेजारच्यांकडे उतरीन."

बहिणीला फोनवर काय सांगावे, हा प्रश्न होता. काळजीचे कारण नाही, असे सांगणे खोटे ठरले असते. मी तिला सांगितले, की पोरगी वरून जे दिसते त्यावर विश्वास ठेवत नाही, खाली जाऊन पाहते. बहीण थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "जेवते ना रे नीट?"

तेव्हापासून मला वाटत राहिले आहे की 'असे झाले असते तर' म्हणताना आपण सगळेच ग्लायडरमध्ये बसलेले असतो. उंचावरून इतिहास अगदी सपाट दिसतो. हे यंत्र तिथे ठेवले, तो सेनापती इकडे हलवला, ती मते तिकडे पडली, की सरळ उतरता येईल असे वाटते. धुरे वरून दिसत नाहीत. भाचीच्या मित्राला मी तिच्याकरवी निरोप दिला, की तुझे ग्लायडर छान आहे. पण ते जिथे उतरणार आहे त्या जमिनीचेही चित्र काढ, आणि त्यात गवताखाली काय आहे ते दाखव. रागावला नाही म्हणे. सध्या ब्रह्मदेशाचे जुने नकाशे शोधतो आहे.

आणि घाटगे? त्यांच्या जी-१ ने कुठलीही लढाई पाहिली नाही, म्हणून मी आधी हळहळलो होतो. आता हळहळत नाही. स्वातंत्र्यानंतर ते पुन्हा बंगळूरच्या कारखान्यात आले, मुख्य आराखडाकार म्हणून. त्यांच्या चमूने आखलेले 'एचटी-२' हे विमान १९५१ मध्ये उडाले. दोन आसनांचे, शिकणाऱ्याचे आणि शिकवणाऱ्याचे. अशी दीडशेहून अधिक विमाने बनली आणि आपल्या हवाई दलातली एक पिढी त्यांच्यावर उडायला शिकली. मग फ्लाइंग क्लबांसाठी 'पुष्पक' आले, लष्कराच्या टेहळणीसाठी 'कृषक' आले. १९६५ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. दहा सैनिकांना शत्रूच्या शेतात नेऊन टाकणारे यंत्र ज्या हातांनी प्रथम रचले, त्याच हातांनी पुढे एका शिकाऊ पोराला धावपट्टीवर सुखरूप परत आणणारे यंत्र रचले. यातले दुसरे काम मोठे, असे मला वाटते. त्यासाठी इतिहास वेगळा घडायची गरज पडली नाही.

गडहिंग्लजवरून आपली कितीतरी माणसे कोल्हापूरला देवीच्या दर्शनाला जातात. पुढच्या वेळी जाल तेव्हा गाडीतल्या मुलांना एवढे सांगा, की या तालुक्यातल्या एका माणसाने देशाचे पहिले विमान आखले आणि त्याला इंजिन नव्हते.